साठी उलटल्यावर नागपूरच्या हॉस्टेलात एकटीनं राहावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. वय ६६, कराडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. डिसेंबरात चार रात्रींसाठी एकट्यानं नागपूरला यायचंय. दीक्षाभूमी, रामटेक, सेवाग्राम बघायचंय. मुलगा म्हणतो, एखाद्या चांगल्या हॉटेलात राहा, नाहीतर वर्ध्याच्या नातेवाइकांकडे उतर. तुम्हाला नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही आणि हॉटेलच्या खोलीत संध्याकाळी सातनंतर भिंतीकडे बघत बसायचंही नाही. म्हणून गप्पागोष्टी होणारं हॉस्टेल तुमच्या मनात आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, "त्या पोरासोरांत मी शोभेन का?"

मी पश्चिम नागपुरात बावीस बेडचं हॉस्टेल २०१६ पासून चालवते. त्याआधी अठरा वर्षं एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होते. आज माझं वय ६१ आहे आणि गेल्या काही वर्षांत मी स्वतः पाहुणी म्हणूनही हॉस्टेलांत राहिलेय. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

तुमचा खरा प्रश्न शोभण्याचा नाही. दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत: शरीराला झोप मिळेल का आणि मनाला सोबत मिळेल का. हे दोन्ही एकाच बेडवर मिळतं असं समजून लोक डॉर्म, म्हणजे अनेक बेडची सामाईक खोली, बुक करतात आणि मग एक तरी गोष्ट बिनसते. डॉर्ममध्ये माणसं फोन चार्जिंगला लावतात, पाठ करून पडतात, झोपतात. सोबत मिळते ती कॉमन रूममध्ये, म्हणजे सगळ्यांनी बसायच्या खोलीत, आणि स्वयंपाकघरात. तेव्हा बेड निवडताना फक्त पाठ, गुडघे आणि झोप बघा. हॉस्टेल निवडताना कॉमन रूम बघा. या दोन निवडी वेगळ्या केल्यात की निम्मी चिंता सुटते. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

पण आधी शब्दाचा एक घोटाळा. नागपुरात नकाशावर "हॉस्टेल" टाकलंत की समोर येतात ती बहुतेक विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि पेइंग गेस्टच्या जागा. कॉलेजसाठी, क्लासेससाठी विदर्भभरातून आलेली मुलंमुली तिथं महिन्याच्या भाड्यानं राहतात. सिव्हिल लाइन्समधलं आमदार निवाससुद्धा इथल्या लोकांच्या तोंडी एमएलए हॉस्टेलच आहे. यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. तुम्ही "बॅकपॅकर हॉस्टेल" असं शोधा आणि फोनवर सरळ विचारा, "रात्रीच्या हिशेबानं बेड मिळतो का? प्रवासी लोक राहतात का?" अशा जागा आमच्या शहरात मोजक्याच आहेत, तेव्हा सगळीकडे फोन करायला अर्धा तास पुरेल.

त्याच फोनवर वयाचं विचारून घ्या. काही हॉस्टेलं डॉर्मसाठी वयाची वरची मर्यादा ठेवतात आणि ती नियमांच्या यादीत कुठंतरी खाली लिहिलेली असते. ऑनलाइन पैसे भरून झाल्यावर दारात हे कळणं फार मनाला लागतं. अशी परत पाठवलेली माणसं माझ्याकडे आली आहेत. मी अशी मर्यादा कधीच ठेवली नाही आणि ठेवणारही नाही. हॉस्टेलची मूळ कल्पना कुणाची ते तुम्हाला आवडेल: रिशार्ड शिरमान नावाच्या जर्मन शाळामास्तरांची. १९०९ साली ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला गेले होते, वाटेत वादळात सापडले आणि सगळ्यांनी एका शाळेत रात्र काढली. त्यातून त्यांना सुचलं की चालत हिंडणाऱ्यांसाठी अशी स्वस्त, साधी मुक्कामाची जागा ठिकठिकाणी हवी. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल सुरू झालं. तुमच्याच पेशातल्या माणसानं उघडलेलं दार आहे हे. तिथं येताना संकोच कसला?

ओळखपत्र मूळ आणा. आधार किंवा मतदार ओळखपत्र. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही. स्थानिक पत्ता असलेल्या माणसांना बरीच हॉस्टेलं ठेवून घेत नाहीत. तुमचा पत्ता कराडचा, त्यामुळे तो प्रश्न येणार नाही.

आता इथं उतरतं कोण, ते समजून घ्या, कारण सोबतीचा सगळा हिशेब त्यावर आहे. गोव्याला किंवा ऋषिकेशला माणसं हॉस्टेलात राहायला येतात. नागपुरात ती वाटेत थांबतात. ताडोबा किंवा पेंचच्या सफारीला निघालेले, परीक्षेला किंवा मुलाखतीला आलेले, दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान पकडणारे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग नागपुरातूनच जातो, त्यामुळे काश्मीर ते कन्याकुमारी सायकलवर किंवा मोटरसायकलवर निघालेली पोरं आमच्याकडे हमखास एक रात्र विसावतात. बहुतेकांचा मुक्काम एक रात्र, फार तर दोन. दुपारी आमची कॉमन रूम ओस असते. लॅपटॉपवर काम करणारं एखादं माणूस कान झाकून बसलेलं असतं, तेवढंच. तुम्ही दुपारी दोनला आलात, ते रिकामं घर बघितलंत आणि "इथं कुणी बोलतच नाही" असं मनाशी ठरवलंत तर चूक होईल. नागपुरातल्या हॉस्टेलात गप्पांची वेळ संध्याकाळी सात ते दहा आणि मग सकाळचा नाश्ता. या दोन वेळा तुम्ही खाली असलात तर सोबत मिळते. चुकवल्यात तर चार दिवस राहूनही कुणाशी ओळख होणार नाही.

आता बेडचं. तुम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसनं आलात तर कराडला बसून दुसऱ्या दिवशी नागपूर. गाडीत एक अख्खी रात्र झोपेची ओढाताण झालेली असणार. म्हणून माझं म्हणणं, पहिल्या दोन रात्री हॉस्टेलमधलीच प्रायव्हेट रूम घ्या आणि पुढच्या दोन रात्री महिलांच्या डॉर्ममध्ये, तेही शरीर हो म्हणालं तर. प्रायव्हेट रूमला डॉर्मच्या बेडच्या दुप्पट-अडीचपट पैसे जातात, तरी बऱ्यापैकी हॉटेल त्याहून महाग पडतं. आणि कॉमन रूम तीच, स्वयंपाकघर तेच, नाश्त्याचं टेबल तेच. प्रायव्हेट रूम घेतली म्हणजे आपण खरे हॉस्टेलवाले नाही, अशी खंत काही पाहुण्यांना वाटते. ती अगदी सोडून द्या. संध्याकाळी टेबलावर बसलेल्या कुणालाही कोण कुठं झोपतं हे ठाऊक नसतं आणि त्याची कुणाला फिकीरही नसते.

डॉर्म घेणार असाल तर खालचा बेड. यावर तडजोड नाही. "बघू, उपलब्ध असेल तर देऊ" हे उत्तर तुमच्यासाठी नकारच आहे. "लिहून ठेवलाय" असं ऐकू येईपर्यंत पैसे भरू नका. याबाबतीत माझ्या हातून मोठी चूक झालेली आहे. २०१८ मध्ये एका गर्दीच्या दिवशी मी साठी उलटलेल्या एका गृहस्थांना वरचा बंक, म्हणजे दुमजली पलंगाचा वरचा बेड, दिला. ते म्हणाले, जमेल. मीही मान्य केलं, कारण हॉस्टेल भरलेलं होतं आणि मला बेड रिकामा ठेवायचा नव्हता. रात्री दोनला ते अंधारात उतरले, शेवटून दुसऱ्या पायरीवरून पाय सटकला. घोट्याला जबर मुरगळ बसली आणि त्यांचा पुढचा सगळा प्रवास रद्द झाला. मी त्यांना गाडीत बसवून देताना ते उलट माझीच समजूत काढत होते. त्या दिवसापासून खालचे दोन बेड मी रात्री आठपर्यंत कुणालाच देत नाही. सगळीकडे असं करत नाहीत, म्हणून तुम्ही स्वतः मागून घ्यायचं.

फोटो बघताना गादीवरची रंगीत चादर बघू नका. शिडी बघा: उभ्या गोल नळ्यांची आहे की रुंद पायऱ्यांची. तुम्ही खाली झोपणार असलात तरी वरचं माणूस त्याच शिडीवरून तुमच्या डोक्याशी चढ-उतार करणार आहे. बेडला पडदा आहे का, उशाशी स्वतंत्र दिवा आणि सॉकेट आहे का, हेही बघा. पडदा असला तर सहा जणींच्या खोलीतही स्वतःचा कोपरा मिळतो, आणि आपल्या वयाला तो लागतो. खालच्या बंकवर बसल्यावर मान ताठ राहते का, हेही फोटोत कळतं. मान वाकवून बसावं लागणार असेल तर त्या बेडवर फक्त झोपता येईल, औषध घेणंसुद्धा अवघड होईल.

रात्रीच्या उठण्याबद्दल तुम्ही संकोचानं लिहिलंय. त्यात लपवण्यासारखं काही नाही, साठीनंतर रात्री एकदा-दोनदा उठणं नेहमीचंच आहे. फोनवर विचारा, महिलांच्या डॉर्मला लागूनच बाथरूम आहे का, कमोड आहे का, भिंतीला धरायला दांडी आहे का, रात्री पॅसेजमध्ये दिवा राहतो का. आल्यावर खोलीच्या आधी बाथरूम बघायला मागा, कुणालाही त्याचं वाईट वाटणार नाही. हॉस्टेलच्या बाथरूमची फरशी दिवसभर ओली असते, कारण आठ माणसं एकामागून एक आंघोळ करतात. पकड असलेल्या रबरी चपला आणा; गुळगुळीत झालेल्या जुन्या स्लिपर घरीच ठेवा. छोटी टॉर्च उशाखाली ठेवा. मोबाइलचा दिवा फार प्रखर असतो, तो लावला की समोरच्या बेडवरची मुलगी हमखास जागी होते.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. आपल्याला तरुणांचा त्रास होईल ही भीती सगळ्यांना असते, पण आपल्या वयाच्या माणसांचाही खोलीला त्रास होतो आणि तो वेगळ्या वेळी होतो. तरुण मुली रात्री साडेबाराला आवाज करतात, आपण पहाटे पाचला. सवयीनं जाग येते, मग प्लास्टिकच्या पिशव्या उघडल्या जातात, एका पिशवीत दुसरी, तिच्यात तिसरी. तो चुरचुर आवाज झोपलेल्या माणसाला घोरण्यापेक्षा जास्त छळतो, ही तक्रार मी अक्षरशः दर महिन्याला ऐकते. उपाय सोपा आहे. सकाळी लागणारं सगळं, टॉवेल, साडी किंवा ड्रेस, कंगवा, रात्रीच एका कापडी पिशवीत काढून ठेवा आणि पाचला ती पिशवी उचलून सरळ बाहेर या. गोळ्यांच्या पाकिटाचाही तसाच आवाज होतो. पहाटेची गोळी रात्रीच डबीत काढून ठेवा. इन्सुलिन घेत असाल तर रिसेप्शनला सांगा, तिथल्या फ्रिजमध्ये ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी करतात.

घोरत असाल तर चेक-इन करतानाच सांगा. त्यात कमीपणा काही नाही. मला आधी कळलं तर मी घोरणाऱ्या दोघींना एका खोलीत घालते किंवा त्या रात्री प्रायव्हेट रूम रिकामी असेल तर तिथं हलवते. कळलं नाही तर रात्री एकला कुणीतरी उशी घेऊन कॉमन रूमच्या सोफ्यावर येतं. कापूस किंवा इअरप्लग तुम्ही आणाच. इतरही घोरतात, विशीतल्या मुलीसुद्धा.

आणि एक कळकळीची विनंती: मुलाशी, नातवंडांशी व्हिडिओ कॉल डॉर्ममध्ये स्पीकरवर करू नका. बाहेर गॅलरीत जा. व्हॉट्सअॅपवर आलेले व्हिडिओही आवाज बंद करून बघा. सगळ्यांना तुमच्याबद्दल आदर असतो, म्हणून कुणी तोंडावर बोलत नाही, पण मग हळूहळू बोलणंच कमी होतं. तुम्हाला मात्र वाटत राहतं की वयामुळे आपल्याला टाळतायत.

सोबतीकडे येते. मी ५८व्या वर्षी केरळात फोर्ट कोचीला एका हॉस्टेलात पहिल्यांदा पाहुणी म्हणून गेले. धंद्यातली बाई, तरी पहिल्या संध्याकाळी दोन तास एका कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसले. चार-पाच जण आले, हसले, गेले. खोलीत परत जाताना घशाशी आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात एक मुलगा पपई कापत होता आणि त्याला ती नीट सोलता येत नव्हती. मी सुरी मागितली, साल काढून दिली. पाच मिनिटांत आम्ही चौघं ती पपई खात उभे होतो आणि दुपारी मी त्यांच्यासोबत बोटीनं पलीकडे गेले. त्या दिवशी मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट नव्यानं कळली. खुर्चीत बसलेल्या मोठ्या माणसाशी बोलायला मुलं बिचकतात. हातात काहीतरी काम असलेल्या माणसाशी सहज बोलतात. चहा टाका, लसूण सोला, भांडी पुसा, पत्ते वाटा. "मी चहा टाकतेय, कुणाला हवाय?" या वाक्यानं माझ्या हॉस्टेलात जितक्या ओळखी झाल्यात तितक्या कशानंच झाल्या नसतील. साताऱ्याचे कंदी पेढे आणा आणि डबा खोलीत न ठेवता टेबलावर उघडा ठेवा. मेंढीकोट येत असेल तर पत्ते घेऊन या. आजकालच्या बऱ्याच मुलांना तो येत नाही आणि शिकायला फार आवडतो.

बसायची जागाही ठरवून घ्या. कोपऱ्यातली आरामखुर्ची नको, लांब टेबलाची मधली खुर्ची घ्या. पाठीला उशी लागली तर मागून घ्या.

बोलायचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण मुख्याध्यापिका म्हणून तीस-पस्तीस वर्षांची सवय असेल. आपल्याकडे ओळख म्हणजे आडनाव काय, गाव कुठलं, शिकतोस काय, पगार किती, लग्न कधी. घरातल्या लग्नात हे चालतं. हॉस्टेलात आलेलं पोर अनेकदा याच प्रश्नांपासून चार दिवस लांब आलेलं असतं. आडनाव विचारण्यात आपल्या मनात काही नसलं तरी समोरच्याच्या मनात अनेकदा असतं. या शहरात तर हे जरा जास्तच जपावं. त्याऐवजी "उद्या कुठं जाणार?" एवढंच विचारा. "आज काय खाल्लं?" विचारा. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नका, आणि मागितला तर मात्र मोकळेपणानं द्या. माझ्याकडे एकदा निवृत्त नर्स असलेल्या एक बाई राहिल्या होत्या. तीन रात्री त्या फक्त ऐकत होत्या. चौथ्या रात्री एक मुलगी स्वतःहून त्यांच्यापाशी बसली आणि बाराच्या पुढं त्या दोघी हळू आवाजात बोलत होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. सकाळी मुलीनं त्यांची बॅग रिक्षापर्यंत नेऊन ठेवली, एवढं पाहिलं.

हाक काय मारायची ते पहिल्याच वाक्यात तुम्ही सांगून टाका. नाहीतर "आंटी" ठरलेलं आहे. नावानं हाक मारलेली चालत असेल तर नाव सांगा, नाहीतर "मला ताई म्हणा" म्हणा. मुलांनाही काय म्हणावं हा प्रश्न असतो आणि त्या संकोचातच ती बोलायचं टाळतात.

आपलं पाचला उठणं इथं फार उपयोगी पडतं. रात्री टेबलावर सांगून ठेवा, "मी सकाळी सातला तर्री-पोहे खायला जाणार आहे, कुणी येतंय का?" पाच जण हो म्हणतील आणि दोघं उठतील. दोघं पुष्कळ. गाडीवाला "वरून सांबार टाकू का?" विचारेल तेव्हा गोंधळू नका; आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तर्री, म्हणजे पोह्यांवरचा रस्सा, तिखट असते, पहिल्यांदा अर्धीच मागा. तिथून अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर चक्कर मारून नऊपर्यंत परत. रात्री दहानंतर बाहेर जायचा बेत निघाला तर "तुम्ही जाऊन या, मी झोपते" असं सरळ म्हणा. सकाळी त्यांच्यासोबत हिंडलेल्या माणसानं रात्री नाही म्हटलं तर कुणाला तुटकपणा वाटत नाही.

रामटेकची सहल तर कॉमन रूममध्येच ठरते. सुमारे ५० किलोमीटर आहे; तिघं-चौघं मिळून टॅक्सी केली तर परवडतं आणि परतताना एखादं माणूस ओळखीचं झालेलं असतं. गाडी गडावर बरीच वर जाते, तरी मंदिराच्या पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा अंदाज घेऊन चढा. कालिदास स्मारक तिथंच आहे. पैसे आधीच माणशी वाटून घ्या. आपण मोठे म्हणून सगळ्यांचं भाडं भरून टाकायचा मोह होतो, तो आवरा. मुलांना उपकाराखाली राहायला आवडत नाही आणि पुढच्या वेळी ती विचारायला लाजतात. सेवाग्रामला मात्र एकटीनं जा असं मी म्हणेन. साधारण ७५ किलोमीटर, रेल्वेनं सोपं पडतं. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहिले; तिथली त्यांची बापू कुटी सावकाश बघायची जागा आहे, सोबतच्यांची घाई तिथं नको वाटते. येताना पवनारला विनोबांचा आश्रमही होतो. दीक्षाभूमीही तशीच, शांतपणे बसावं अशी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली त्या जागी दसऱ्याला लाखोंची गर्दी असते. डिसेंबरात साध्या दिवशी सकाळी गेलात तर स्तूपाखाली निवांत बसता येतं. शहरात हिंडायला मेट्रो बरी पडते, सीताबर्डीला दोन्ही मार्ग मिळतात आणि स्टेशनांना लिफ्ट आहेत.

एका गोष्टीची मनाची तयारी करून या. इथल्या ओळखी एका रात्रीच्या असतात. आज जी मुलगी तुमच्या मांडीवर हात ठेवून मेंदी काढून घेत बसली ती उद्या पहाटे चारलाच कन्याकुमारीच्या रस्त्याला लागलेली असते, निरोपही न घेता, कारण तुम्ही झोपलेल्या असता. ते मनाला लावून घेऊ नका. तिसऱ्या दिवशी कॉमन रूममध्ये सगळे नवे चेहरे असतील आणि पुन्हा "मी चहा टाकतेय" पासून सुरुवात करावी लागेल. काही जणींना याचाच थकवा येतो, तसं झालं तर एक संध्याकाळ खोलीत पुस्तक घेऊन पडा. सोबत हवी म्हणून आलात याचा अर्थ रोज सोबत हवीच असा नाही.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही. झोप एकदा मोडली की पुन्हा लागतच नसेल, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा रात्री कुणीतरी जवळ लागतं असा आजार असेल तर डॉर्मचा विचार सोडा, चारही रात्री प्रायव्हेट रूम घ्या. हॉस्टेल वरच्या मजल्यावर असून लिफ्ट नसेल तर तेही आधी विचारा. जुन्या बंगल्यांत थाटलेल्या हॉस्टेलांत लिफ्ट क्वचितच असते. दारू चालते का, हे विचारायलाही संकोच करू नका. आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला मुद्दाम फोन करा. उत्तर कोण देतं, किती सबुरीनं देतं आणि मागून काय ऐकू येतं, गप्पा की ढणढण गाणी, यावरून त्या घराची रात्र कशी असते ते कुठल्याही फोटोपेक्षा नीट कळतं.

मुलाच्या काळजीला वाद घालून उत्तर मिळणार नाही. त्याला हॉस्टेलच्या रिसेप्शनचा नंबर द्या आणि त्यालाच एकदा बोलू द्या. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांची मुलं मला आधी फोन करतात, मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. रोज रात्री नऊला एक फोन ठरवा. तुमची औषधं, रक्तगट, मुलाचा नंबर एका कागदावर लिहून एक प्रत रिसेप्शनला आणि एक पर्समध्ये ठेवा. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी अशा पाहुण्यांना रोज सकाळी "कशा आहात जी, झोप लागली ना?" विचारतातच. लहान हॉस्टेलात अशी विचारपूस आपोआप होते, मोठ्या हॉटेलात दुपारी बाराला खोली झाडायला येईपर्यंत कुणाला कळत नाही. मुलाला हे सांगा, त्याला पटेल.

तारखा ठरवताना एक बघा: डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत शहरातल्या खोल्या भरतात, दर चढतात, आणि खालचा बेड तर मिळणं कठीणच. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्या टाळून बुकिंग करा. गुरुवारी किंवा शुक्रवारी पोहोचलात तर शनिवार-रविवारची वर्दळ मिळेल आणि कॉमन रूम भरलेली असेल.

थंडीचं मात्र हलक्यात घेऊ नका. नागपूर म्हणजे ऊन असं सगळ्यांच्या डोक्यात असतं, पण डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, कधी खालीही जातो. गरम पाणी किती वाजता असतं ते विचारा आणि जादा दुलई पहिल्याच दिवशी मागून ठेवा. जाड पायमोजे आणा. पहाटे पाचला चहा टाकायला खाली याल तेव्हा फरशी फार गार लागते.